पोटात ठेवणं

फेरीबोट क्लायपेदाहून स्मिल्तिनेला
जेमतेम दहा मिनिटांत पोचते.
तेवढ्यात मी पाणकावळे पाहत बसले
आणि पिशवी बाकाखाली राहिली.
पिशवीत लोकरीचे मोजे, अर्धा काळा पाव,
आणि तीनशे बारा माणसांचे पगार.

जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीतली माणसं.
कुणाचा ओव्हरटाइम,
कुणाची आजारपणाची रजा, आणि त्या आजाराचं नाव,
कोर्टाच्या हुकमाने दर महिन्याला
कुणाच्या पगाराचा चौथा हिस्सा
कुठल्या बाईच्या खात्यात जातो, ते.
घरातल्यांना माहीत नसलेले आकडे
माझ्या तळहाताएवढ्या डिस्कवर.

फेब्रुवारीत वीतेनिसने एन्क्रिप्शन बसवलं
तेव्हा मी कुरकुरले होते.
आणखी एक कुलूप कशाला?
"कुलूप नाही, दांगुओले बाई," तो म्हणाला,
"कुलूप फोडलं की आत वस्तू सापडते.
इथे वस्तूच दळून ठेवायची.
चोराच्या हाती नुसतं पीठ."
आणि किल्ली लावली की पिठाचे पुन्हा गहू?
"गहू. दाणा न् दाणा."
मला पटलं नाही. सही मात्र केली.

मग स्वयंपाकघरात फासे टाकून
त्याच्या यादीतले सहा शब्द काढले,
लग्नात एकाच टेबलावर बसवलेल्या
अनोळखी पाहुण्यांसारखे,
एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही.
ते इथे लिहिणार नाही.
एका शब्दात पाणी आहे.
एवढंही सांगायला नको होतं.

पिशवी गेली त्या रात्री
मालकीणबाईंनी फोनवर एकच विचारलं:
पूर्ण बंद केला होतास, की नुसतं झाकण मिटलं होतंस?
बंद केला होता.
बहुतेक.
त्या "बहुतेक"वर मी दोन रात्री जागून काढल्या.

नवव्या दिवशी लॅपटॉप सापडला,
नीदाच्या एका पोराकडे,
तीस युरोला विकत घेतलेला.
तळाचे दोन स्क्रू गायब.
कुणीतरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावून पाहिली होती.
"त्याला काय दिसलं असेल, बघायचंय?"
वीतेनिसने पडदा माझ्याकडे वळवला.
चिन्हं, चिन्हं, तुटके अंक, कुठल्याच भाषेतली नसलेली अक्षरं.
गोदीची तीन पाळ्यांची माणसं,
आणि एकाचाही चेहरा नाही.
मला त्या पिठाची माया आली.
डिस्क उपटून काढली, उलटीपालटी केली,
तरी तिने सगळं पोटात ठेवलं.

शनिवारी बाजारात, धुरावलेल्या माशांच्या ठेल्यापाशी,
ईलबाई सोलता सोलता म्हणाली:
"तो वेल्डर अल्गिमांतास, त्याचा निम्मा पगार
म्हणे नॉर्वेत कुणाला जातो!"
निम्मा नाही, चौथा हिस्सा,
माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मग आठवलं.
दुसऱ्या रात्री, झोप नव्हती,
बहिणीला फोन केला होता.
गेनोवाइते, तुला कळत नाही त्यात काय काय आहे,
आता हेच बघ ना, आपला अल्गिमांतास...
एकच नाव. जीव हलका व्हावा म्हणून.
सहा शब्द मात्र
तिलाही सांगितले नव्हते.

काल पगाराचा दिवस.
अल्गिमांतास रांगेत शेवटी उभा राहिला.
काचेच्या फटीतून मी कागद सरकवला.
सही करताना त्याने डावा पंजा
आकड्यावर पालथा ठेवला,
ठिणग्यांनी भाजलेला, रुंद पंजा,
आकडा मला दिसू नये म्हणून.
तो मीच टाइप केला होता.
मी दुसरीकडे पाहिलं.